बाबा म्हणतात "इंग्रज असते त असं झालं नसतं", त्यांना काय उत्तर देऊ?

पत्र (जरा कापून देतेय):

"ताई, मी पुण्यात असते, माहेर अकोटचं. बाबा जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागातून इंजिनियर म्हणून रिटायर झाले, आता ७४ वर्षांचे आहेत. रस्ता उखडला, लाईट गेली, की त्यांचं एकच, 'इंग्रज असते त असं झालं नसतं'. दिवाळीत माझ्या मुलीचा शाळेचा प्रोजेक्ट निघाला, ती नववीत आहे, विषय युरोपीय साम्राज्यवाद: कारणं, मार्ग, परिणाम. आजोबांनी तिला सांगितलं, लिही, रेल्वे, पूल, शाळा, कोर्ट सगळं त्यांनीच दिलं. मी भडकले, म्हटलं ४५ ट्रिलियन डॉलर नेले ते लिही आधी. बाबा म्हणाले पावती दाखव. मग फॅमिली ग्रुपवर भावाने त्यांना 'इंग्रजांचे वकील' म्हटलं, बाबा ग्रुप सोडून गेले, आणि आता मी फोन केला की आई उचलते, 'ते झोपलेत' म्हणते. प्रोजेक्ट अर्धाच पडलाय. मला एक असा मुद्दा द्या की त्यांना उत्तरच सुचणार नाही. – भांडून दमलेली, पुणे"

दमलेली, असा मुद्दा माझ्याकडे नाही, आणि असता तरी तुला दिला नसता. ७४ वर्षांच्या बापाला निरुत्तर करून मिळणार काय, तर 'ते झोपलेत' अजून सहा महिने. पण तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला फार आवडलं आणि ते तुझं नाहीये, बाबांचं आहे. पावती दाखव! अगं बरोबरच बोलले की ते. आयुष्यभर एम.बी. (कामाच्या मोजमापाची वही) भरलेल्या माणसाला तू ट्रिलियन ऐकवतेस. तो आकडा अर्थतज्ज्ञ उत्सा पटनाईक यांच्या हिशोबातला आहे, १७६५ ते १९३८ या काळात गेलेला पैसा धरून त्यावर ५ टक्क्यांनी व्याज चढवत आणलेला, त्यावर अभ्यासकांमध्ये वाद आहेत, हिशोब म्हणून तो जरूर वाच पण फराळ करताना भांडायला तो काही कामाचा नाही.

आणि तू अकोटची ना? मग इतक्या लांब कशाला गेलीस भांडायला. मुलीच्या प्रोजेक्टची कारणं, मार्ग आणि परिणाम तिन्ही तुझ्या माहेराच्या शंभर-दीडशे किलोमीटरच्या आत पडलेत.

बाबांशी त्यांच्या खात्याच्या भाषेत बोल. कुठलंही सरकारी काम घे, आधी तीन गोष्टी विचारायच्या: मंजुरी कोणाची, पैसा बजेटच्या कुठल्या हेडमधून, आणि झाल्यावर वापर कोणाचा. काम पक्कं की कच्चं हा चौथा प्रश्न. बाबा कायम चौथ्यापासून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात, म्हणून त्यांचं उत्तर दरवेळी बरोबर येतं.

आता वऱ्हाडाची गोष्ट ऐक. तुमच्या अकोटजवळच्या अडगावला २९ नोव्हेंबर १८०३ ला इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने नागपूरकर भोसले आणि शिंद्यांच्या फौजेला हरवलं, पुढच्या पंधरा-सोळा दिवसांत चिखलदऱ्याजवळचा गाविलगड पडला, आणि देवगावच्या तहात भोसल्यांना वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड सोडावा लागला. तो गेला कोणाकडे, तर इंग्रजांच्या दोस्ताकडे म्हणजे हैदराबादच्या निजामाकडे. स्वतः घेतला नाही. बाबा म्हणतील बघ किती सज्जन माणसं. त्यांना म्हणावं जरा थांबा.

या दोस्तीत निजामाच्या गळ्यात एक फौज आली होती, हैदराबाद कंटिंजंट. अधिकारी इंग्रज, हुकूम इंग्रज रेसिडेंटचा (निजामाच्या दरबारातला त्यांचा प्रतिनिधी), पगार मात्र निजामाच्या तिजोरीतून. शांततेच्या काळात एवढी फौज पोसायला निजाम तहाने बांधलेलाच नाही हे नंतर खुद्द गव्हर्नर जनरल डलहौसीने मान्य केलं, पण तोवर खर्च थकत थकत त्याचं कर्ज होऊन बसलं होतं. मधल्या काळात हैदराबादेत पामर अँड कंपनी नावाची पेढी निजाम सरकारला २४ टक्क्यांच्या आसपास व्याजाने पैसे देत होती, आणि त्या पेढीतला एक भागीदार कोण, तर गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जने (वॉरन नाही, तो आधीचा) जिला सांभाळून मोठं केलं त्या मुलीचा नवरा! देशी राजांना गोऱ्यांनी कर्ज द्यायचं नाही असा ब्रिटिश पार्लमेंटचा कायदा होता, या पेढीला त्यातून खास सूट मिळाली. हे प्रकरण बाबांना नक्की सांग. ओळखीतलं टेंडर काय असतं हे त्यांना तुझ्या-माझ्यापेक्षा चांगलं माहितीये आणि 'तेव्हा भानगडी नव्हत्या' हे त्यांचं पालुपद मी न ऐकताच सांगू शकते.

१८५३ ला डलहौसीने थकबाकी पुढे केली आणि तह झाला, वऱ्हाड, रायचूर दोआब आणि धाराशिवकडचा मुलुख फौजेच्या खर्चापोटी ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात. सावकार शेत गहाण घेतो तसंच, मालकी तुझीच बाबा, फक्त पीक मी नेतो. पुढे १८५७ ला निजाम इंग्रजांच्या बाजूने राहिला म्हणून १८६० मध्ये बक्षीस मिळालं, ५० लाखांचं कर्ज माफ, रायचूर परत, धाराशिव परत. वऱ्हाड मात्र नाही. निजामाचा दिवाण सालारजंग वर्षानुवर्षं मागे लागला, फौजेच्या खर्चासाठी रोख रक्कम तारण ठेवतो म्हणाला, १८७६ ला लंडनपर्यंत जाऊन आला, तरी नाही. शेवटी १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने वर्षाला ठरावीक २५ लाखांवर वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्याने लिहून घेतला. यात वऱ्हाडातल्या माणसाला कोणी विचारलं का? अमरावतीत १८९७ ला काँग्रेसचं अधिवेशन भरवणारे दादासाहेब खापर्डे यांच्यासारखे वकील तिथेच बसलेले होते, त्यांना विचारायची कोणाला गरज वाटली नाही. आणि निजामालाही वऱ्हाडी माणसाचा फार कळवळा होता असं समजू नकोस, त्याच्या अमलात महसूल मक्त्याने दिला जायचा आणि मक्तेदार रयतेला पिळून घ्यायचे, हे मुलीने लिहायलाच हवं. नाहीतर 'इंग्रज यायच्या आधी सगळं गोकुळ होतं' असं लिहून बसेल आणि आजोबा त्यावर लाल शाई मारतील, योग्यच मारतील.

तर वऱ्हाडच का सोडला नाही? कापूस. मुलीच्या 'कारणं' या हेडिंगखाली हा एक शब्द लिहिला तरी निम्मे मार्क मिळायला हरकत नाही. इंग्लंडात लँकेशायर-मँचेस्टरच्या गिरण्यांचा बहुतेक कापूस अमेरिकेतून यायचा, गुलामांनी वेचलेला. १८६१ ला तिकडे यादवी सुरू झाली, दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, गिरण्या बंद पडायला लागल्या, मग मँचेस्टरवाल्यांना एकदम हिंदुस्थानची काळी जमीन आठवली. त्या चार वर्षांत कापसाला असा भाव आला की मुंबईत शेअरचा जुगार पेटला, प्रेमचंद रायचंद हा दलाल, बॅकबे रिक्लेमेशन ही समुद्रात भराव घालायची कंपनी वगैरे, आणि १८६५ ला युद्ध संपलं तसा तो फुगा फुटला. मुंबईचे शेठ बुडाले त्याच्या गोष्टी सगळ्यांना माहितीयेत. वऱ्हाडातला कास्तकार, ज्याने त्या भावाच्या भरवशावर ज्वारीचं रान कापसाखाली घातलं आणि सावकाराकडून पैसे उचलले, त्याचं काय झालं हे कोण सांगतंय.

आता बाबांच्या आवडत्या रेल्वेकडे येऊ, कारण खरं भांडण तिथेच आहे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे, हे पोरंही सांगतात. करार काय होता ते कोणी सांगत नाही. जमीन सरकारने फुकट द्यायची, आणि लंडनच्या भागधारकांना भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी. गाडीने तेवढं कमावलं नाही तर उरलेले पैसे हिंदुस्थानच्या महसुलातून, म्हणजे तुझ्या खापरपणजोबांनी भरलेल्या शेतसाऱ्यातून. आता बाबांना विचार, ज्या एजन्सीला कितीही खर्च केला तरी ५ टक्के पक्के, ती एस्टिमेट कमी करेल की वाढवेल? दगड भारी का लागला, स्टेशनं किल्ल्यासारखी का बांधली, याचं निम्मं उत्तर इथे आहे. आणि एवढं करून पक्कं तरी सगळं होतं का? भोर घाटातला एक मोठा व्हायाडक्ट (दरीवरून जाणारा पूल) लाईन सुरू होऊन पुरी पाच वर्षंही झाली नव्हती तोवर १८६७ च्या पावसाळ्यात कोसळला, त्या सुमाराला या कंपनीच्या बऱ्याच पुलांचं दगडकाम निकृष्ट निघालं आणि पुन्हा बांधावं लागलं. जे पडले ते आपल्याला दिसत नाहीत, जे उरले ते दिसतात. घाटात पटकीने मेलेले मजूर तर कुठल्याच पाटीवर नाहीत. पण उरलेले पूल खरोखर चांगले आहेत, त्यात बाबांशी वाद घालू नकोस, त्या वेळच्या गवंड्यांचं आणि इंजिनियरांचं काम होतंच तसं.

तिसरा प्रश्न, वापर कोणाचा. नकाशा काढा. मुंबई–नागपूर लाईन भुसावळ, शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करत १८६७ ला नागपूरला पोचली. तिला दोन छोटे फाटे फुटले, जलंब–खामगाव आणि बडनेरा–अमरावती, दहा मैलांच्या आतले दोन्ही. असे चिमुकले फाटे कशाला, तर खामगाव आणि अमरावती कापसाच्या मोठ्या पेठा होत्या. खामगावचा फाटा १८७० ला उघडायला स्वतः व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता, तेरा किलोमीटरच्या लाईनसाठी व्हाइसरॉय! स्टेशनाजवळ वाफेवर चालणारे प्रेस आले, कापूस दाबून गठाण बांधायची, तिथून मुंबई, तिथून बोट. पुढे रॅली ब्रदर्स आणि व्होल्कार्ट ब्रदर्ससारख्या युरोपियन कंपन्यांनी वऱ्हाडात थेट खरेदी मांडली. नंतर यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूरची नॅरोगेज, आपली शकुंतला, तीही कापसासाठीच आणि तीही खासगी इंग्रज कंपनीची, इतकी खासगी की स्वातंत्र्यानंतरही तिचं राष्ट्रीयीकरण झालं नाही आणि मँचेस्टरला बनलेलं इंजिन १९९० च्या दशकापर्यंत तिला ओढत होतं. शकुंतलेबद्दल वाईट बोलू नकोस हां, बाबांच्या पिढीचा जीव आहे तिच्यात, माझाही आहे.

आणि मग नकाशावर अकोट शोधा. इंग्रजांच्या त्या नकाशावर अकोटला रेल्वे नाहीच. अकोटवरून जाणारी अकोला–खांडवा मीटरगेज आली ती स्वातंत्र्यानंतर, १९६० च्या आसपास, दक्षिण आणि उत्तर जोडायला. इंग्रजी लाईनी बंदराकडे धावत होत्या, ही आडवी कापून गेली. (तिचं ब्रॉडगेज किती वर्षं रेंगाळलं तो विषय फोनवर काढू नकोस, बाबांना आयतं कोलीत मिळेल आणि त्यावर माझ्याकडेसुद्धा उत्तर नाही.)

परिणामांसाठी मुलीला एका माणसाचं नाव दे, रिव्हेट-कार्नॅक. मध्य प्रांत आणि वऱ्हाडाचा कॉटन कमिशनर, म्हणजे कापूस नीट पिकावा आणि नीट विलायतेला जावा हे बघायला नेमलेला साहेब. १८६० च्या दशकाच्या शेवटी त्याने रिपोर्टात सरळ लिहून ठेवलंय की या भागात रेल्वेचा फाटा आला तर विलायती कापड इथल्या कापडापेक्षा स्वस्त विकता येईल, मग इथे सुतात जाणारा कापूस निर्यातीला मोकळा होईल, आणि कातण्या-विणण्यात गुंतलेली माणसं शेतमजुरीला मिळतील, पडीक रान फोडून लागवड वाढेल. एकाच दमात सगळं. बाबांना पावती हवी होती ना, ही घ्या पावती, साहेबाच्या सहीची. त्यात मला लूटमार करणाऱ्या माणसाचा आवाज ऐकू येत नाही, हुशार, कष्टाळू, स्वतःच्या कामाचा अभिमान असलेला ऑफिसर ऐकू येतो, विणकराचा माग बंद पडणं ही त्याच्या दृष्टीने कार्यक्षमता होती. मला तरी हेच जास्त भयंकर वाटतं. बाळापूरच्या पगड्या, तुमच्या अकोटच्या सतरंज्या, त्यांचे माग, आणि बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ-कापूस वाहून नेणारे बंजाऱ्यांचे तांडे, या सगळ्यांचा रोजगार त्या एका लाईनीने बदलून टाकला. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडात माणसं उपासमारीने मरत होती आणि त्याच वर्षी त्याच स्टेशनांतून कापूसही बाहेर गेला आणि धान्यही. रेल्वेने धान्य आत आणता येतं हे खरंच, पण गाडी भाव असेल तिकडे जाते, आणि भुकेल्याच्या खिशात भाव नव्हता.

मुंबईत आपल्याच लोकांनी गिरण्या उभ्या केल्या तर १८९६ ला त्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी बसवली, कारण विलायती कापडावर आयात कर लावला तर मँचेस्टर ओरडतं म्हणून दोन्हीकडे सारखाच. ती निघाली १९२५ ला. हे दोन ओळीत लिहिलं तरी चालेल.

शाळा-कॉलेजचं म्हणशील तर अमरावतीचं किंग एडवर्ड कॉलेज १९२३ चं आहे. कापसाची गाडी अमरावतीत त्याच्या पन्नासेक वर्षं आधी पोचली होती. घाई कशाची होती ते यावरून कळतं.

विषय 'युरोपीय साम्राज्यवाद' आहे म्हणून एक तरी बाहेरचं उदाहरण लागेल, इजिप्त घ्या, वऱ्हाडाचं सख्खं भावंड आहे. तिथेही अमेरिकन युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला, तिथला राज्यकर्ता खेदिव इस्माईल याने त्या जोरावर युरोपियन बँकांकडून कर्ज काढून कालवे, रेल्वे, राजवाडे बांधले, मग भाव पडले. १८७५ ला सुएझ कालव्याचे स्वतःचे शेअर त्याने ब्रिटनला ४० लाख पौंडांना विकले, १८७६ ला दिवाळं, तिजोरीवर ब्रिटिश आणि फ्रेंच अधिकारी येऊन बसले, लोकांनी आणि सैन्याने उराबी पाशा या सेनाधिकाऱ्याच्या मागे उठाव केला तर १८८२ ला ब्रिटिश आरमाराने अलेक्झांड्रियावर तोफा डागल्या आणि देशच ताब्यात घेतला. तिथेही नावाला खेदिव गादीवर होताच, जसा इकडे वऱ्हाड कागदावर निजामाचाच होता. ही मार्ग नावाची जी गोष्ट पुस्तकात 'तह, कर्ज, लष्कर' अशी एका ओळीत असते ती दोन्हीकडे कशी घडली हे मुलीने शेजारी शेजारी लिहिलं तर प्रोजेक्ट उठून दिसेल.

आता बाबा. मला वाटतं त्यांचं इंग्रजांवर काही प्रेम वगैरे नाहीये. तीसेक वर्षं झेडपीच्या बांधकामात काढलेला माणूस, ज्याने डोळ्यांदेखत कमी डांबराची बिलं पास होताना बघितली, सही नाही केली तर बदली आणि केली तर झोप नाही, तो माणूस कोणाचं नाव घेऊन ओरडणार? पुढाऱ्याचं घेता आलं नाही तेव्हा, म्हणून इंग्रजांचं घेतो. 'इंग्रज असते त' म्हणजे 'मला काम नीट करू दिलं असतं त'. तुम्ही दोघं बहीणभाऊ त्याला इतिहासाचा पेपर समजून तपासताय. भावाला सांग, त्याने 'वकील' म्हटलं ते फार लागलं असणार, त्यानेच स्वतः फोन करायचा, बायकोला करायला लावायचं नाही.

तू करशील तो फोन आईच्या मोबाईलवरच कर आणि बाबांना द्यायला सांग, पण माफी, चर्चा काही नको. सरळ काम सांग: पोरीला वऱ्हाडातल्या जुन्या रेल्वे लाईनींचा नकाशा हाताने काढून हवाय, स्केलमध्ये, कापसाच्या पेठा दाखवून, मला जमत नाही आणि गूगलवरचा शाळेत चालत नाही. रिटायर्ड इंजिनियर स्केलचा नकाशा नाही म्हणणार नाही. लाईनी काढता काढता त्या कुठून कुठे जातात हे त्यांना दिसेलच, तू बोलून दाखवू नकोस, अजिबात. आणि प्रोजेक्टमध्ये एक पान आजोबांचं ठेव, त्यांचं मत त्यांच्या शब्दात, 'इंग्रजांची कामं पक्की होती' हे वाक्यसुद्धा, खाली ते तीन प्रश्न नातीने विचारायचे आणि आजोबांनी जे उत्तर दिलं ते जसंच्या तसं लिहायचं. ते उत्तर तुला पटणार नाही कदाचित. तरी खोडायचं नाही.

हिवाळ्यात अकोटला गेलीस तर तिघं मिळून जलंबला जा, खामगावच्या गाडीत बसा, अर्धा तासही लागत नाही. आणि बाबांनी स्वतः बांधलेला, अजून उभा असलेला एखादा पूल असेलच तिकडे कुठेतरी नाल्यावर, तो दाखवा म्हण नातीला.

फॅमिली ग्रुपवर यातलं काहीही टाकू नकोस. ही लिंकसुद्धा नको, भाऊ लगेच फॉरवर्ड करेल.